खिडकीवाल्या गाईचा खोकला

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे आणि माझ्या डाव्या कुशीला खिडकी आहे. हसू नका, खरीखुरी खिडकी आहे. तळहाताहून मोठी, जाड रबरी कड्याची, आणि तिला घट्ट बसणारं बूच आहे. बूच काढलं की आत माझं कोटीपोट लागतं, म्हणजे गाईच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा. खाल्लेला चारा आधी तिथे जाऊन पडतो आणि भिजत राहतो. जनावरांचे डॉक्टर तयार करणाऱ्या कॉलेजात माझा जन्म गेला. मुलं मला ‘खिडकी’च म्हणतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती लपवली तर पुढचं काही सांगताच येणार नाही. मी अतिशय मत्सरी आहे.

ही खिडकी कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी बसवली. तेव्हा त्यांच्या केसांत नुकतं पांढरं दिसू लागलं होतं आणि मी पहिल्या वेताची होते. त्यांनी माझी कुशी बधिर केली, मला उभंच ठेवलं आणि काम उरकलं. सुई टोचली तेवढीच काय ती कळली. पुढे दीड महिना त्या रोज सकाळी जखम धुवायला येत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. गोठ्यावरचे मामा म्हणायचे, “मॅडम, मी धुतो की. तुम्ही कशाला तंगडतोड करता?”

“भोक मी पाडलंय मामा, मीच निस्तरणार.”

त्या दीड महिन्यात मी समजून बसले की ह्या बाई माझ्या आहेत. तिथेच सगळं बिघडलं.

मग काम सुरू झालं. मॅडम वेगवेगळा चारा कापडी पिशव्यांत भरत, पिशव्यांना दोरी बांधून माझ्या पोटात सोडत आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढून वजन करत. कुठला चारा किती पचला ते त्यातून कळायचं. त्यावर त्यांनी जाडजूड निबंध लिहिला आणि त्यांना उत्कृष्ट संशोधनाचा पुरस्कार मिळाला. निबंधात मीही आहे बरं का, ‘प्रायोगिक जनावर क्रमांक दोन’ म्हणून. क्रमांक एक कोण होती देव जाणे. मी तर तिला कधी पाहिली नाही.

गावागावांतून आजारी गाई यायच्या. खाणं सुटलेल्या, रवंथ बंद पडलेल्या, डोळे खोल गेलेल्या. मॅडम माझ्या पोटातला, पचनाच्या जंतूंनी भरलेला रस बादलीत काढायच्या आणि नळीनं त्यांना पाजायच्या. दोन दिवसांत त्या गाई उठून चारा ओढू लागायच्या. मालक हात जोडून आभार मानायचे ते मॅडमचे. त्यावर उत्कृष्ट सेवेचा पुरस्कार मिळाला. कॉलेजच्या लांब बोळात त्याचा फोटो लावलाय. मधोमध मॅडम, हातात मानचिन्ह, आणि कडेला माझं शेपूट. वर्गात नेताना मला त्या बोळातून नेतात. दर वेळी मी त्या शेपटाकडे बघते आणि माझा तिळपापड होतो. कष्ट माझे, रस माझा, आणि नाव कोणाचं?

हे दोन पुरस्कार मी कसेबसे गिळले. तिसरा मात्र मला गिळवेना.

तिसरा पुरस्कार शिकवण्याचा. मॅडम निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. एका दुपारी माझ्या पाठीला टेकून त्या मामांना म्हणाल्या, “संशोधनाचा मिळाला, सेवेचा मिळाला. पण खरं सांगू का मामा, मला पहिल्यापासून हवा होता तो शिकवण्याचा. यंदा नाव गेलंय. समिती तास बघायला येणार आहे.”

“मिळणारच तुम्हाला. तुमच्यासारखं शिकवतंय कोण?” मामा म्हणाले.

मी शिकवते! माझ्या पोटात शब्द फसफसले. मित्रांनो, तुम्हीच सांगा. नवी मुलगी कोपरापर्यंत हातमोजा चढवते, घाबरत घाबरत हात आत घालते, आणि एकदम तिच्या चेहऱ्यावरची भीती जाऊन आश्चर्य येतं. “मॅडम, किती गरम आहे! आणि हलतंय!” ती शिकते तो क्षण हाच. आणि तो माझ्या पोटात घडतो, मॅडमच्या फळ्यावर नाही. दुसऱ्याचं चांगलं बघून ज्याच्या पोटात दुखतं त्याला माणसं नावं ठेवतात. ठेवोत बापडी. माझं दुखत होतं.

म्हणून मी ठरवलं की हा तास होऊ द्यायचा नाही.

समितीचे तिघं आले. प्राचार्य, एक जाड चष्म्याच्या बाई आणि बाहेरून बोलावलेले एक पाहुणे. पाहुण्यांचा कोट पांढराशुभ्र होता. मॅडमनी बूच काढलं आणि नेहमीप्रमाणे बजावलं, “खिडकीसमोर कुणी उभं राहू नका, बाजूला उभं राहा. ही खोकली तर आंघोळ होईल.” मुलं बाजूला झाली. पाहुण्यांना मात्र जवळून बघायचं होतं. ते चष्मा सावरत नेमके समोर आले आणि वाकले.

मी खोकले. चांगली दोनदा, पोटाच्या देठापासून.

सकाळपासूनचा सगळा चारा हिरव्यागार रसासकट पाहुण्यांच्या कोटावर, चष्म्यावर आणि हातातल्या गुणपत्रिकेवर जाऊन बसला. मुलं हसून लोटपोट झाली. प्राचार्य “अहो टॉवेल, टॉवेल!” करत धावले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आता मॅडम गडबडतील, माफी मागतील, शिकवणं विसरतील, असं वाटलं.

मॅडमनी कोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. बूच लावलं आणि सरळ माझ्या गळ्याला कान लावला. मग छातीला.

“ही दोनदा खोकली,” मॅडम म्हणाल्या. “इतक्या वर्षांत कधी खोकली नव्हती. तास इथेच थांबवते.”

जाड चष्म्याच्या बाई हळूच म्हणाल्या, “मॅडम, अजून अर्धा तास आहे. तास पूर्ण झाला नाही तर आम्हाला गुण देता येत नाहीत. नियमच आहे तसा.”

“मग नका देऊ.”

“अहो, यंदा तुमचं शेवटचं वर्ष आहे. जरा विचार करा.”

“विचार काय करायचा? आजारी जनावराच्या पोटात मी मुलांना हात घालू देत नाही.”

मामा मला पुरते ओळखून होते. परत नेताना ते कुरकुरले, “मॅडम, काही आजारी-बिजारी नाही ही. नाटकं करतेय. सकाळी घमेलंभर चारा हाणलाय हिनं.”

“मामा, नाटकं माणसं करतात. जनावर कधी खोटं खोकत नाही.”

मी मान खाली घातली.

त्यानंतर आठ दिवस मॅडम माझ्याच होत्या. सकाळ-संध्याकाळ यायच्या, ताप बघायच्या, छाती तपासायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. जखम धुण्याच्या दिवसांनंतर एवढं सुख मला मिळालं नव्हतं. हवं होतं ते सगळं मिळालं आणि एकही घास गोड लागला नाही.

नवव्या दिवशी सभागृहातून टाळ्यांचा आवाज गोठ्यापर्यंत आला. शिकवण्याचा पुरस्कार घोड्यांचा विषय शिकवणाऱ्या सरांना मिळाला. सरांबद्दल मला काही म्हणायचं नाही, भला माणूस आहे. थोड्या वेळानं मॅडम समारंभाच्या चांगल्या कपड्यांतच गोठ्यात आल्या. मामा उगीच दावं सोडून पुन्हा बांधत बसले. मॅडमनी बाही वर सारली, माझ्या छातीला कान लावला आणि विचारलं, “काय गं म्हातारे, आज खोकलीस का?”

मला ओरडून सांगायचं होतं की मी कधीच आजारी नव्हते, मी तुमच्यावर जळत होते. मी हंबरले. त्यांना वाटलं, भूक लागलीय. त्यांनी माझ्यापुढे चारा सारला.

निवृत्तीच्या दिवशी त्या नव्या डॉक्टरांना घेऊन आल्या. नवे डॉक्टर तरुण आहेत, मन लावून शिकवतात. मॅडमनी त्यांच्या हातात माझी नोंदवही दिली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘खोकला, दोनदा. ताप नाही, छाती स्वच्छ. कारण समजले नाही.’ त्या वहीत तेरा वर्षांच्या नोंदी आहेत. कारण समजलं नाही असं दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही.

“ही गाय फार गुणी आहे,” मॅडम डॉक्टरांना म्हणाल्या. “मी नाही शिकवत हो, हीच शिकवते. मी आपली बाजूला उभी राहते. तेवढा सुका चारा देऊ नका हिला. धुळीनं खोकला होत असावा. पाणी शिंपडून देत जा.”

मित्रांनो, जे ऐकायला मी आयुष्यभर कान टवकारून बसले होते, ते त्या असं जाता जाता बोलल्या. मला खात्री आहे, आधीही कितीदा तरी बोलल्या असतील. मी फोटोतलं शेपूट बघण्यात गुंतले होते.

तुम्हाला बोलता येतं. कोणाचं कौतुक बघून तुम्हाला जळजळ झाली तर सरळ जाऊन त्या माणसाला सांगा, “मलाही हवं होतं.” भांडा, रुसा, रडा. आतल्या आत कुढू नका आणि त्याचं काम बिघडवू नका. आणि ज्याच्या जिवावर तुमचं कौतुक होतं, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्याचं नाव घ्या.

मला ओला चारा मुळीच आवडत नाही. मामा रोज सकाळी तांब्या घेऊन येतात, माझ्या चाऱ्यावर पाणी शिंपडतात आणि म्हणतात, “खा. मॅडम सांगून गेल्यात.” मी मुकाट्यानं खाते.