पिलाजीरावांच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा

मित्रांनो, हसू नका. एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे, काचांवर चरे पडले आहेत, तरी मी चष्माच आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात, तसला जुना काळा चष्मा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात साच्यातून झाला. गॉगलचा दिमाख माझ्या नशिबी नव्हता. बडोद्याच्या लहरीपुरा बाजारातल्या एका दुकानातून भावंडांच्या गठ्ठ्याबरोबर मी एका खासगी रुग्णालयात गेलो. सत्याण्णव सालची गोष्ट. बडोद्यात तेव्हा अशी चकचकीत रुग्णालये नव्यानेच निघू लागली होती. तिथे मला पिलाजीरावांचे नाक मिळाले. नाक सरळ, आणि स्वभाव त्याहून सरळ.

पिलाजीराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज केव्हाच गेली, पण कितीही दुखले तरी हूं की चूं करायचे नाही, ही शिस्त घरात मुक्काम ठोकून राहिली होती.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी सोडली त्या सकाळी डॉक्टरसाहेब घाईत आले. एकाच दिवशी पुष्कळ ऑपरेशने उरकली होती. नीट दिसते ना, असे दारातूनच त्यांनी गुजरातीत विचारले, "काका, सारुं देखाय छे ने?"

पिलाजीरावांना नुसते पांढरे धुके दिसत होते, आणि आत ठणका लागला होता. पण एवढा मोठा माणूस चारचौघांत आपुलकीने विचारतो आहे, त्याला नाही कसे म्हणायचे? ते म्हणाले, "हा साहेब, सरस देखाय छे." साहेब पुढच्या खाटेकडे वळले आणि नर्सने मला पिलाजीरावांच्या डोळ्यांवर चढवले.

हरणी भागातल्या घरी नात भक्ती टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकदम हीरो दिसता!" आयुष्यात माझी स्तुती झाली ती तेवढीच. माझ्या आड मात्र उजवा डोळा लालबुंद होत होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी जिजाबाईंनी मला उचलून आत बघितले. नवऱ्याला घेऊन त्या रुग्णालयात गेल्या, परत दुसऱ्या दिवशीही गेल्या. दोन्ही वेळा काउंटरवरूनच सांगितले, "थेंब चालू ठेवा, सूज उतरेल." डॉक्टरांनी काही बघितले नाही. डोळ्यात पू झाला, आणि डोळा गेला तो गेलाच.

नातेवाईक समाचाराला यायचे आणि चहा पिता पिता म्हणायचे, "पण छान दिसतंय असं तुम्हीच म्हणालात ना?" हे बोलणे पिलाजीरावांना ठणक्यापेक्षा जास्त लागे. म्हणून ते ग्राहक मंचात गेले. भरपाई हवीच होती. पण त्याहून जास्त, चूक आपली नव्हती हे कुणीतरी म्हणायला हवे होते.

खटला दोन वर्षे रखडला. तारखांच्या धावपळीत माझी काडी मोडली, ती जिजाबाईंनी दोऱ्याने बांधली. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढत होता, पण आता पिलाजीराव त्याला कुणाला हात लावू देईनात.

त्यांचे वकील अविनाश म्हणाले, "काका, तुम्ही तसं बोललातच नाही म्हणून सांगा. लिहिलेलं कुठे आहे?"

"बोललो ते बोललो," पिलाजीराव म्हणाले.

मंचासमोर उभे राहूनही त्यांनी तेच सांगितले. "दिसत नव्हतं. तरी दिसतंय म्हणालो. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून." सांगताना त्यांची मान इतकी खाली गेली, की मला जीव मुठीत धरून नाकावर बसावे लागले.

अध्यक्षांनी डॉक्टरांकडे बघितले. "ते म्हणाले, ठीक. पण तुम्ही डोळा तपासला होता का?"

"काका स्वतःच सरस म्हणाले, मग..." डॉक्टर म्हणाले.

निकाल पिलाजीरावांच्या बाजूने लागला. रुग्णाला विचारणे म्हणजे तपासणे नव्हे, असे अध्यक्षांनी स्वच्छ म्हटले. जिजाबाईंना वाटले, सुटलो एकदाचे. आता हे दुसरा डोळाही दाखवतील.

बाहेरच्या पायऱ्यांवर डॉक्टर समोरून आले. नजर चुकवायला जागा नव्हती. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "केम छो, काका?"

बडोद्यात या प्रश्नाला एकच उत्तर असते. पिलाजीरावांनी हात जोडले. माझ्या आड मेलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होते, आणि ते म्हणाले, "मजामां."

ते ऐकून जिजाबाई तिथेच पायरीवर बसल्या. दोन वर्षे कोरड्या डोळ्यांनी हिंडलेली ती बाई तेव्हा हमसून हमसून रडली.

डावा डोळा पिलाजीरावांनी शेवटपर्यंत कुणाला दाखवला नाही. दोन्हीकडे अंधार झाल्यावर माझीही गरज संपली. आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे, आणि त्याचे मला काही वाटत नाही. मित्रांनो, वाटते ते एवढेच, की दुखत असेल तर दुखते म्हणावे, समोर कितीही मोठा माणूस असो. आणि तुमच्यातले कोणी उद्या डॉक्टर झाले, तर माझ्यासारख्याला डोळ्यांवर चढवण्याआधी एकदा वाकून आत बघा. नुसते विचारलेत, तर आमची माणसे मजेत आहोत असेच सांगतात.