पाण्याकडची पहिली जागा

कॅम्पमधल्या कालमानच्या रिकाम्या जागेवर उभे राहून वेंडेलने पाण्यापर्यंतची पावले मोजली. नऊ. स्वतःच्या जागेवरून ती सव्वीस भरत. म्हणजे दर खेपेला सतरा पावलांची बचत, आणि सत्तरीनंतर पावलेही जपूनच खर्च करावी लागतात. शिवाय पॉप्लरची सावली दुपारी चारपर्यंत, होडी बांधायला बुंध्याशीच जाड मूळ, आणि नदीवरून येणारा वारा असा, की इथले डास उचलून थेट तिसऱ्या जागेवरच्या रेझोकडे नेऊन सोडी. सगळ्यांत मोठा लाभ मानाचा. नावेतून जाणारा माणूस हात वर करायचा तो पहिल्या जागेला. एकोणतीस उन्हाळे वेंडेलने तो हात दुसऱ्या जागेवर बसून पाहिला होता.

हे सगळे पदरात पडायला दोनच गोष्टी लागत होत्या. कालमानची तब्येत बिघडायला हवी होती, ती फेब्रुवारीत बिघडली. आणि त्याला मूलबाळ नसायला हवे होते, ते कधीच नव्हते. वेंडेल काही वाईट माणूस नव्हता. कालमानला बरे वाटावे म्हणून त्याने चर्चमध्ये मेणबत्तीही लावली होती. लहानशी.

तिसा नदीकाठच्या त्या कॅम्पमध्ये जागांचा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो कोणाला मोडताही येत नव्हता. जागा बायकोला जाते, लेकरांना जाते. दोन्ही नसतील तर रांग एकाने पुढे सरकते. आणि जूनमध्ये नदीवर फूल येते त्या दिवशी जो जिथे असेल, ती जागा वर्षभर त्याची. फूल म्हणजे खरे तर किडा. तीन वर्षे गाळात काढून एका दुपारी पंख फुटून वर येतो आणि सूर्य मावळेपर्यंत संपतो. पण तिसाकाठी त्याला किडा म्हणणाऱ्याला कोणी जेवायला बोलावत नाही. खालच्या अंगाला सुरू होऊन ते रोज थोडे थोडे वर सरकते. त्या बुधवारी सकाळीच खालच्या चोंग्राद गावाहून फोन आला होता, तिथे फुलले. म्हणजे इथे शनिवारी.

वेंडेल परत पावले मोजत होता, यावेळी पाण्याकडून वर, तेवढ्यात बांधावरून कॅम्पची मालकीण गिझेला उतरताना दिसली. तिच्या मागे तिशीतली एक बाई होती. आखूड केस, हातात तंबूची लांब पिशवी.

"वेंडेल," गिझेला म्हणाली, "ही आगोता. कालमानची मुलगी म्हणते स्वतःला."

"म्हणते" या शब्दावर तिने जो जोर दिला, तो वेंडेलला आवडला.

"कालमानला मुलगी नाही," तो म्हणाला.

"आहे, काका," बाई म्हणाली. "मी. बाबा शनिवारी येणार आहेत. डॉक्टरांनी एक दुपार दिलीय. तोवर त्यांची जागा धरून ठेवायला आलेय."

तिने पिशवीतून तंबू काढला. हिरवा, कोपऱ्यात तपकिरी ठिगळ. ते ठिगळ वेंडेलच्या बायकोनेच, एतेलनेच, एका वादळानंतर लावून दिले होते. एतेल पुढे झाली, तिने ठिगळावरून अंगठा फिरवला आणि नवऱ्याकडे पाहिले.

वेंडेलने आयुष्यभर रेल्वेत तिकिटे तपासली होती. "तिकीट खरं म्हणजे प्रवासी खरा, असं नसतं," तो तिला बाजूला घेऊन पुटपुटला. "माझ्या हातात अशी शेकडो खरी तिकिटं आली, चुकीच्या माणसांची."

"मग काय, चोरी केली म्हणतोस?"

"चोरी कशाला? इस्पितळात एकटा म्हातारा. कुणीतरी उशी सरळ करणारी भेटते, गोड बोलते. आज तंबू, उद्या घराची किल्ली. ही नर्स असणार. हात बघ तिचे, केवढे स्वच्छ."

"तुझे कधी स्वच्छ दिसले नाहीत म्हणून जगाने धुऊ नयेत की काय," एतेल म्हणाली.

पण संध्याकाळपर्यंत नर्सची गोष्ट सगळ्या काठावर पसरली होती. रेझोने तर तिला इस्पितळाचे शहरही देऊन टाकले. त्याचाही हिशेब होताच: वेंडेल पहिल्या जागेवर गेला, तर रेझो दुसरीवर आणि डास चौथ्याच्या वाट्याला. शिवाय बाईच्या वागण्यात गाळलेल्या जागा बऱ्याच होत्या. पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे, हे तिला विचारावे लागले. तंबूची दोरी तिने मुळाला न बांधता खुंटीला बांधली. आणि काही गोष्टी तिला नको तितक्या ठाऊक होत्या. वेंडेल चांगली मिरचीपूड जुन्या मोज्यात लपवून ठेवतो, हे तिने हसत हसत सांगितले, तेव्हा वेंडेलला हसू आले नाही. तापात बरळणाऱ्या माणसाकडून काय काय काढून घेतले असेल हिने, असा विचार त्याच्या मनात आला, आणि मोजा त्याने दुसरीकडे हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिला जेवायला बोलावले.

"रस्सा करतोय," तो म्हणाला. "कालमानची लेक म्हणजे घरचीच. ये, हंडीपाशी बस."

तिवईला टांगलेल्या लोखंडी हंडीत कांदा विरघळून गेला होता आणि लालभडक रश्शात कार्प माशाचे तुकडे नुकतेच सोडले होते. वेंडेलने लाकडी पळी मुद्दाम तिच्या हाताशी ठेवली. एतेल ते पाहत होती. तिने पळी उचलून टोपलीत टाकली. वेंडेलने ती परत काढून होती तिथे ठेवली. रेझो खुर्ची घेऊन जवळ सरकला. गिझेलाही, काही काम नसताना, येऊन उभी राहिली.

"मग," वेंडेलने सुरुवात केली, "कालमान तुला आणायचा नाही कधी इथं?"

"आईचं आणि त्यांचं लग्न झालं नव्हतं. हिवाळ्यात दर रविवारी यायचे. उन्हाळ्यात इथं." ती विस्तवाकडे बघत बोलत होती. "लहानपणी मला फार राग यायचा या नदीचा. मग बाबा म्हणायचे, अगं, तिथं सगळे तुझी चौकशी करतात. वेंडेल विचारतो, किती उंच झाली. एतेल विचारते, शाळेत कशी आहे. म्हणून तुमची नावं मला माझ्या मामांच्या आधी पाठ होती."

एतेलच्या हातातली पावाची सुरी थांबली.

"मी विचारायचो?" वेंडेल म्हणाला.

"हो. नाही विचारायचात?"

"एकोणतीस वर्षं, पोरी. मासे एकत्र धरले, पूर आला तेव्हा एका होडीत झोपलो. त्याच्या ढेकरेवरून मी सांगेन काय खाल्लंय. पण 'मुलगी' हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नाही. एकदाही नाही. विचार यांना."

आगोताने एकेकाकडे पाहिले. रेझोने मान हलवली. गिझेलाने आपल्या चपलेकडे पाहिले. एतेलने सुरी पुन्हा पावावर चालवली, कारण ते खरेच होते.

हंडी उकळत होती. आगोताचा हात बाजूला गेला, पळी सापडली, आणि ती रस्सा ढवळू लागली. सावकाश, गोल गोल, तळापासून.

रेझोने दातांतून शीळ घातली.

तिसाकाठचे चार वर्षांचे पोरही मासळीचा रस्सा ढवळत नाही. मासे फुटतात, रस्सा गढूळ होतो. हंडीचा कान धरून ती हिसक्याने फिरवायची असते, पळी आत जाते ती फक्त वाढताना. हे कोणी शिकवत नाही, जसे पाण्यात श्वास घेऊ नये हेही कोणी शिकवत नाही.

"झालं!" वेंडेलने मांडीवर थाप मारली. "बघितलंत? कालमानचं रक्त, आणि रस्सा ढवळतंय! बाई, तिसाचं पाणी प्यालेल्या माणसाचा हात कापला तरी तो हे करायचा नाही. आता खरं सांगा, कुठल्या वॉर्डात असता?"

आगोताने हातातल्या पळीकडे असे पाहिले, जणू ती तिथे कोणी दुसऱ्याने दिली होती. मग ती थाळीच्या कडेवर नीट ठेवली.

"चुकलंच," ती म्हणाली. रागावली नाही, रडली नाही, ओळखपत्र दाखवते असेही म्हणाली नाही. एवढा साधा पराभव वेंडेलने अपेक्षिला नव्हता, आणि खोटे बोलणारी माणसे इतक्या सहजी गप्प बसत नाहीत, हे त्याच्या धंद्यातले जुने ज्ञान होते. ते त्याने त्या दिवशी वापरले नाही.

तासाभरात तिने तंबू उतरवून घडी घातली आणि गिझेलाकडे दिला. "हा त्यांचाच आहे. शनिवारी ते आले की कुणीतरी त्यांना सावलीत बसवा. ऊन सोसत नाही आता." तिची गाडी बांधावर चढेपर्यंत सगळे हंडीभोवती बसून होते. रस्सा गढूळ झाला होता, पण मिरची चांगली होती, सर्वांनी खाल्ला.

"बरी पकडली," रेझो म्हणाला.

एतेल थाळ्या विसळत होती. "एक सांग रे म्हाताऱ्या. कालमानला तू कधी हंडीला हात लावू दिलास?"

"म्हणजे?"

"तुझी हंडी, तुझा मोजा, तुझा रस्सा. एकोणतीस वर्षं तो बिचारा वाडगा घेऊन बसायचा. ढवळायचं नाही हे त्याला तरी ठाऊक असेल का, देव जाणे. मग त्याच्या पोरीला कोण शिकवणार?"

संध्याकाळी वेंडेलने आपला तंबू पहिल्या जागेवर नेला. एतेलने खुंट्या धरल्या नाहीत.

शनिवारी ढग नव्हते, पाणी संथ आणि कोमट होते. चारच्या सुमारास बांधावरून एक टॅक्सी उतरली, आणि ड्रायव्हरने काखेत धरून कालमानला बाहेर काढले. तो निम्मा उरला होता. टोपी कानांवर उतरली होती. पण पॉप्लरखालचा तंबू बघून त्याने काठी वर उगारली, आणि वेंडेल बुंध्याआड सरकला.

"शाबास रे लेका!" कालमान ओरडला, ओरडला म्हणजे ओठ तसे हलले. "आगोता म्हणालीच, वेंडेलने तुमची जागा स्वतः राहून धरलीय म्हणून. तिला अचानक कामावर बोलावलं ना, नाहीतर तीच थांबणार होती."

"हो," वेंडेल म्हणाला. "मी म्हटलं, जा बिनधास्त."

एतेलने खुर्ची सावलीत आणली. कालमान बसला, श्वास जागेवर येईपर्यंत बोटे मोजल्यासारखी हलवत राहिला. रेझो येऊन हात मिळवून गेला आणि फार वेळ थांबला नाही.

"तुम्ही फार केलंत तिचं," कालमान म्हणाला. "रस्सा खाऊ घातलात. म्हणाली, असा रस्सा कुठे खाल्ला नाही."

"साधाच होता," वेंडेल म्हणाला.

"आणि म्हणाली," कालमानने नदीकडे तोंड केले, "गेल्या गेल्या सगळ्यांनी नावाने ओळखलं. एतेलने शाळेतल्या गोष्टी विचारल्या. तू म्हणालास, किती उंच झाली."

पाण्यावर पहिले फूल आले. मग दहा. मग मोजता येईनात. पिवळसर, लांब शेपट्यांचे, पाण्यातून उठून काठावरच्या माणसांच्या बाह्यांवर, टोप्यांवर बसून शेवटची कात टाकणारे. सगळा काठ नेहमीप्रमाणे बोलायचा थांबला. एक फूल कालमानच्या गुडघ्यावर उतरले. त्याने ते झटकले नाही.

"वेंडेल," तो हळू म्हणाला, "मी तुम्हाला तिच्याबद्दल कधी सांगितलं होतं रे?"

वेंडेलने एतेलकडे पाहिले. एतेल पाण्याकडे पाहत होती.

"सांगायचास की," वेंडेल म्हणाला. "विसरलास. दर वर्षी सांगायचास."

कालमानने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. विसरलेल्या माणसाची ती नजर नव्हती. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

ऊन बांधापलीकडे गेले, पाण्यावर मेलेल्या पंखांचा थर वाहू लागला. कालमानला गाडीत बसवून एतेलने त्याच्या खांद्यांवर शाल घातली. वेंडेल वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला आणि पाकीट काढले. एकोणतीस वर्षांत त्याने एवढ्या घाईने पाकीट काढलेले कोणी पाहिले नव्हते.

"किती झाले?"

"राहू द्या, काका," ड्रायव्हर गाडी सुरू करत म्हणाला. "बाईंनी येण्याजाण्याचं परवाच दिलंय. थांबायचंसुद्धा."