चार टक्क्यांची खूण

अकराला दहा कमी असताना बाहेरच्या प्रयोगशाळेचा कागद आला. व्हिनेगरची आम्लता ३.९२ टक्के. बाटलीच्या लेबलावर चार छापलेलं होतं, आणि कारखान्याच्या वहीत वहिनींच्या हाताने ४.०८ लिहिलेलं होतं.

कारखाना घरचा. दीर विक्री बघायचा, वहिनी तपासणी. अठरा वर्षांत त्यांचा आकडा कुणी खोडला नव्हता.

"त्यांचंच काहीतरी चुकलंय," वहिनी म्हणाल्या.

"मग मिटलं की! तुमचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. सही ठोका, गाडी दारात उभी आहे."

"थांबा भाऊजी. रेघ ज्या खिळ्याने मारली तो आधी बघते."

व्हिनेगर मोजायचं कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने. चंबूत गुलाबी छटा टिकेपर्यंत किती लागलं, त्यावरून आम्लता ठरते. कॉस्टिकच हलकं पडलं असेल, तर ते जास्त लागणार आणि व्हिनेगर आहे त्याहून कडक दिसणार. वहिनींनी नेमक्या वजनाची प्रमाण आम्लाची भुकटी पाण्यात विरघळवली आणि कॉस्टिकने भरलेल्या ब्युरेटची, खुणा आखलेल्या काचेच्या नळीची, तोटी सोडली. वीस मिलिलिटरला गुलाबी यायला हवं होतं. आलं वीस पॉइंट आठला.

पुन्हा केलं. वीस पॉइंट आठ.

कॉस्टिकच्या बाटलीच्या बुचात हवा गाळणारी नळी असते. ती सारखी अडकते म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच काढली होती आणि तिथे कापसाचा बोळा कोंबला होता. तेव्हापासून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून कॉस्टिक मारत होता, आणि वहिनी बाटलीवर लिहिलेली जुनी ताकद डोळे झाकून धरत होत्या. नवी ताकद धरली, तर वहीतल्या ४.०८ चे बरोबर ३.९२ होत होते.

"चूक माझी," आवाज जराही न उतरवता त्या म्हणाल्या. "गाडी रिकामी करा."

"एवढ्याशा फरकासाठी? कुणाची जीभ ओळखणार आहे?"

"जीभ नाही, ब्युरेट ओळखतो. आणि रडायची घाई करू नका. या तीन आठवड्यांत आणखी तीन बॅच गेल्यात."

दिराने खिशातून फोन काढला.

वहिनींनी ताजं कॉस्टिक करून आधी तेच तपासलं, मग राखून ठेवलेले नमुने काढले. पहिला ४.०३. दुसरा ४.०१. तिसरा परवा निघालेल्या मालाचा. त्याचा ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. ब्युरेटवर चार टक्क्यांची खूण करून त्या थेंब थेंब सोडत होत्या. त्याआधी गुलाबी आलं, तर तोही माल परत.

एकला पाच कमी असताना खूण दोन थेंबांवर होती. चंबूतलं पाणी अजून बिनरंगीच होतं.