पेंटरच्या आगाऊ ओळी

पेंटरला दिवसातून तीनदा शौचाला झालंच पाहिजे, हे अख्ख्या जिन्याला ठाऊक होतं, कारण त्याची बायको ते रोज मोठ्याने विचारायची. तिला सगळे बाई म्हणत. तीस वर्षं वर्गात घालवलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही.

विचारण्याला कारणही तसंच होतं. पेंटरचं लिव्हर कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी बाईंना नीट समजावलं होतं, "लिव्हर रक्तातलं विष गाळत नाही, म्हणून ते मेंदूत चढतं आणि पेशी सुजतात. माणूस आधी चिडतो, मग गोंधळतो, मग ओळखेनासा होतो. या गोड औषधाने पोट साफ राहतं, विष बाहेर पडतं. रोज सकाळी त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या. अक्षर बिघडलं की थांबू नका. उशीर झाला तर मेंदूचं थोडंफार नुकसान कायमचं राहू शकतं."

अक्षर तपासणं हा तर बाईंच्या हातचा मळ. आणि पेंटरचं अक्षर काय विचारता, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या, अगदी मोत्यासारखं. बाई दूध तापवत असताना तो तारीख घालून चिठ्ठी ओट्यावर ठेवी. बाई लाल पेनाने "छान" असा शेरा देत. मनातून सुखावतही. औषध मात्र तो आपल्या हाताने घेई, आणि शौचाचं विचारलं की "झालं" म्हणे.

त्या आठवड्यात त्याने एका न्हाव्याच्या दुकानाची पाटी घेतली होती. बुधवारपासून तो ब्रश सापडत नाही म्हणून भांडू लागला, दुधात साय आली म्हणून रुसला. बाईंनी चिठ्ठी पाहिली. अक्षर उत्तम होतं. स्वभावाला औषध नाही, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

शुक्रवारी चिठ्ठीवर "छान" लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "आज ऊन चांगलं आहे, रंग लवकर वाळेल." खिडकीबाहेर सकाळपासून पाऊस पडत होता. इतके दिवस बाईंनी अक्षर पाहिलं होतं, ओळ वाचलीच नव्हती.

त्या आत धावल्या. पेंटर सदऱ्याच्या बाहीत पाय घालून पलंगावर बसला होता. त्याने अदबीने विचारलं, "काय काम आहे आपलं? दुकान अजून उघडलं नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात तो बाईंशी इतक्या परकेपणाने कधी बोलला नव्हता. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी त्याला हात पुढे करायला लावले, तर पंजे सारखे खाली पडत होते. या हातांनी ती ओळ लिहिली कशी, म्हणून त्यांनी शोधलं, तर रंगांच्या डब्यात शनिवार, रविवार आणि सोमवारच्या चिठ्ठ्या तयार होत्या. जन्मभर कॉप्या पकडणाऱ्या बाईंच्या घरातच असा विद्यार्थी निघाला.

दवाखान्यात दोन दिवस नळ्या, एनिमा आणि तेच गोड औषध. तिसऱ्या दिवशी पेंटरने डोळे उघडले आणि म्हणाला, "अगं, चष्मा कुठंय माझा?"

बाई रडल्या, मग तडकल्या. "औषध मोरीत ओतत होतात ना?"

"पंधरा फुटांवर फळीवर उभा असतो मी. तिथं पोटात कळ आली तर जाऊ कुठं?"

"आणि चिठ्ठ्या?"

"मागच्या महिन्यात माझी वेलांटी जरा हलली होती. तू आठ दिवस धड जेवली नाहीस. म्हटलं, हात चांगला आहे तोवर लिहून ठेवू. निदान तू तरी दोन घास खाशील."

बाईंना त्याचा रागही आला आणि मायाही दाटून आली. त्यांनी मापात औषध ओतलं आणि त्याच्या ओठांना लावलं.

"काळजी मला करू द्या," त्या म्हणाल्या. "काळजीने मी मरत नाही. पण तुम्ही मला परकी समजलात ना, तेव्हा मेले होते."

पेंटरने औषध संपवलं आणि स्वतःच म्हणाला, "अजून एक माप दे."