लिफ्टमधला लवूचा कोपरा

माझ्या नवऱ्याने लिफ्टमध्ये थुंकायचं सोडलं आणि आमच्या बिल्डिंगची वाट लागली. मी वाढवून सांगत नाही. भांडुपला आमच्या 'रवळनाथ कृपा'मध्ये येऊन कुणालाही विचारा, सगळे हेच सांगतील. फक्त पुढचं सांगताना खोटं बोलतील, म्हणून मीच सांगायला बसलेय.

आमची बिल्डिंग सात मजल्यांची. आधी इथे बैठी चाळ होती. गिरण्या बंद पडल्यावर घरी बसलेली कोकणातली माणसं तिच्यात राहायची. बिल्डरने चाळ पाडली, इमारत उभी केली आणि आम्हाला आरसा लावलेली, आत कॅमेरा बसवलेली लिफ्ट दिली. पहिल्याच महिन्यात त्या लिफ्टच्या डाव्या कोपऱ्यात लाल पिचकारी उडाली. कॅमेऱ्यात आमचे हे दिसले. हे म्हणजे लवू. गिरणीत बदली कामगार होते तेव्हापासून तंबाखूच्या पानाची सवय.

मीटिंगमध्ये यांनी सरळ कबूल केलं. "व्हय, थुकलंय. चाळीत थुकाक गटार होता. हय खय थुकू? सातव्या माळ्यावरसून लोकांच्या डोक्यार थुकू?"

सेक्रेटरी रतन परब म्हणाले, "लव्या, ह्या चलाचा नाय." आणि शिक्षा ठरली: रविवारी सकाळी सगळ्यांसमोर कोपरा घासून धुवायचा.

शिक्षा एकाच रविवारची होती. पण सवय जाते का? पुढच्या आठवड्यात पुन्हा डाग, पुन्हा रविवार. हळूहळू माणसं बघायला प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन येऊ लागली. गुन्हा आमच्या घरचा म्हणून चहाही आमच्याच घरून जाऊ लागला. जिथे वर्षाच्या मीटिंगला चार टाळकी जमायची नाहीत, तिथे लवूचा कोपरा बघायला सगळी बिल्डिंग तळमजल्यावर हजर. टाकीची गळती तिथेच निघाली, रंगाचा कॉन्ट्रॅक्टर तिथेच ठरला. रतनभाऊंच्या पुतणीचं लग्नसुद्धा तिथेच जुळलं. हे उकिडवे बसून ब्रश मारायचे आणि मारता मारता गिरणीतल्या गजाली सांगायचे. मला सुरुवातीला लाजेने मान वर करवत नसे. पण नंतर भिजलेल्या बाह्या झटकत, गुणगुणत वर येणारा नवरा मला आवडायला लागला, हेही खरं आहे.

मग बिल्डिंगमध्ये जे जे बिघडेल ते लवूच्या नावावर जाऊ लागलं. पंप बंद पडला, लवू. कुणाची चप्पल हरवली, लवू. एकदा आम्ही गणपतीला गावी असताना चौथ्या मजल्यावरचा बल्ब गेला, तर रतनभाऊंनी यांना गावी फोन केला. हे म्हणाले, "इलंय की लावतंय." आणि आल्यावर खरंच लावला, स्वतः आणून. मी विचारलं, अहो, तुम्ही तिथे नव्हताच ना? तर म्हणाले, "सगळे येवडे इस्वासान इचारतत, नाय कसा म्हणू?"

दरवर्षी मार्गशीर्षात तळमजल्यावरच्या देवळीसमोर गाऱ्हाणं होतं. गावाकडचीच रीत. एकाने हातात नारळ धरून सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्याकडे नारळ रतनभाऊंच्या हातात. "जो कोण लिफ्टीत थुकता, तेका सरळ कर रे म्हाराजा," ते म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" हेच ओरडायचे. पहिल्या मजल्यावरचा गिल्बर्ट इथल्याच गावठाणातला, ख्रिश्चन. तोसुद्धा छातीवर क्रूस काढून "व्हय म्हाराजा" म्हणतो. समोरचा काय बोलतोय ते कुणी ऐकत नाही, जीभ आपोआप वळते. पण एकदा म्हटलं की तो देवाला दिलेला शब्द. तो फिरवायची आमच्यात कुणाची छाती नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यांचं तोंड उघडेनासं झालं. वडापाव आडवा धरून खायला लागले तेव्हा मी ओढत मुलुंडला डॉक्टरांकडे नेलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने बघितलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "आज सोडलंत तर बरं होईल. नाहीतर पुढच्या वेळी मला गाल कापावा लागेल." रिक्षात मी रडले. मला हा माणूस पाहिजे होता, डागासकट.

यांनी सोडलं. कसं सोडलं ते त्यांचं त्यांना माहीत आणि माझ्या कानांना माहीत, कारण त्या दिवसांत ते भिंतीलासुद्धा शिव्या द्यायचे. बडीशेप आणि लवंगा चघळत राहिले, पण सोडलं.

रविवारी माणसं खुर्च्या घेऊन आली. लिफ्टचं दार उघडलं. कोपरा स्वच्छ. सगळे वाकून वाकून बघायला लागले. रतनभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "म्हणजे आज काय नाय?" गिल्बर्टने विचारलं. मी चहा दिला, तो कुणाला गोड लागला नाही. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी कुणी खुर्ची आणली नाही.

आणि मग ज्याच्या त्याच्या डोळ्यांना दुसऱ्याचं दिसायला लागलं. लिफ्टमधून मासळीच्या पिशवीचं पाणी कुणाचं गळतं, गुरुवारी सुके बोंबील कोण भाजतं, दारावरचं लिंबू-मिरची वाळून गेलं तरी कोण बदलत नाही. नोटीस बोर्डावर जागा उरली नाही. जिन्यात मोठ्याने हसल्याबद्दल पाचव्या मजल्याला समज मिळाली. गिल्बर्टच्या घरातून पहाटे शिंक ऐकू येते, अशी लेखी तक्रार झाली. गिल्बर्टनेही उलट तक्रार दिली की शिंकेवर "सत्य आहे" म्हणणारा आवाज शिंकेपेक्षा मोठा असतो. बल्ब गेला तेव्हा तो कुणी काढला यावरून दोन मजल्यांचं बोलणं बंद झालं. पंप बिघडला आणि बिघडलेलाच राहिला, कारण दुरुस्तीला सगळे एकत्र बसणार कुठे?

एका संध्याकाळी कमिटी आमच्या घरी आली. रतनभाऊ, गिल्बर्ट आणि तिसऱ्या मजल्यावरची गार्गी. गार्गीने एम.ए.ला समाजशास्त्र घेतलंय, कॅमेऱ्याचं तीच बघते. चहा होईपर्यंत तिघं पंख्याकडे बघत बसले.

"लव्या," रतनभाऊ शेवटी म्हणाले, "एकदा थुक रे."

"भाऊ, डॉक्टरान..."

"एकदाच. डाव्या कोपऱ्यात. आमी काय रोज नाय म्हणूक."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. म्हटलं, रतनभाऊ, माझ्या नवऱ्याच्या तोंडाचा प्रश्न आहे, लाज वाटते का? रतनभाऊंनी मान खाली घातली. वाटत होती, दिसत होतं. पण पंपही बंद होता.

गार्गी म्हणाली, "काकी, मी रतनकाकांची बाजू घेत नाहीये हां. पण पुस्तकात हे आहे. कुणीतरी चुकतं म्हणून बाकीच्यांना कळतं ना आपण एक आहोत. साधुसंतांची वस्ती असली तरी ते लोक कुणाच्या तरी जांभईलाच गुन्हा ठरवतील."

"मग तू थुक ना, बाय," मी म्हटलं.

"मी थुंकले तर ते नुसतं घाण करणं होईल, काकी. काकांचं तसं नाही."

मग हे हळूच म्हणाले, "बिटाचा पानी चालात?" तेव्हा मला कळलं की रिकामा रविवार यांनाही खात होता. बिल्डिंगमध्ये यांच्याशी बोलायला कुणी येत नव्हतं. सुधारलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं?

मी बीट उकडून दिलं. रविवारी डाग बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या परत आल्या. पण सोमवारी त्या कोपऱ्यात मुंग्या लागल्या. लोकांनी गार्गीला विचारलं, आणि तिला खोटं बोलता येत नाही. फसवणूक झाली म्हणून मीटिंग बोलावली. ज्यांनी बिटाला होकार दिला तेच रतनभाऊ उभे राहून म्हणाले, "गुन्हो करूचो तर खरो करूचो. लोकांच्या भावनांशी खेळू नये." हे मान खाली घालून ऐकत होते. खऱ्या थुंकीच्या दिवसांत यांची मान एकदाही खाली गेली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात गाऱ्हाणं आलं. भर दुपारी सगळे देवळीसमोर जमले, एकमेकांना पाठ करून. रतनभाऊंनी नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्यासमोर हात जोडून उबी आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाची इडापिडा आसात तर ती बारा वाटांनी दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमच्या लव्याक पयल्यासारखो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. हे सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. आणि माझ्या तोंडातून काय निघालं ते मला नारळ फुटल्यावर समजलं. मीही म्हटलं होतं.

घरी येऊन हे न जेवता बसले. थोड्या वेळाने कपाटावरच्या डब्यातून जुनी पुडी काढली, चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला.

"अहो, काय करताय?"

"देवाक शबूद दिलंय, जानकी. तूय दिलंस."

"आपण ऐकलं नव्हतं हो."

"देवान ऐकल्यान ना."

अंगठ्याने मळत बसले. या माणसाशी वाद घालून उपयोग नाही हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. मी फक्त म्हटलं, मी येईपर्यंत तोंडात टाकू नका, माझी शपथ आहे. मळायला हरकत नाही.

स्टेशनसमोरच्या पानवाल्याकडून मी कात-चुना लावलेली दोन पानं घेतली, बिनसुपारीची, बिनतंबाखूची. दोन्ही एकदम तोंडात कोंबली. लिफ्टमध्ये शिरले. हिरवी साडी होती, रतनभाऊंच्या पुतणीच्या लग्नात सगळ्यांनी बघितलेली. मी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं, पदर नीट केला, आणि डाव्या कोपऱ्यात थुंकले. चांगलं वाटलं. इतकं चांगलं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

तासाभरात आरडाओरडा झाला. सोसायटीच्या ऑफिसात गार्गीने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं, आणि सगळी बिल्डिंग, मीसुद्धा, तिच्या मागे उभी. पडद्यावर मी आले, मी वर पाहिलं, मी थुंकले.

"लव्या," रतनभाऊ म्हणाले, आणि त्यांनी पडद्यावरून हात फिरवला. "बायलेची साडी नेसान इलो रे."

"काका, चेहरा जानकीकाकींचा आहे," गार्गी म्हणाली.

"मेकप केल्यान."

"नाय, चाल बघ ना," गिल्बर्ट म्हणाला. "कमरेत वाकून चालतो तो. लवूच आहे."

मी पुढे झाले. "रतनभाऊ, मी थुंकले. हे बघा तोंड." आणि जीभ बाहेर काढून दाखवली, लालभडक.

रतनभाऊंनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मलाच कसंतरी झालं. "वैनी, नवऱ्याक किती सांभाळशात?" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गार्गी माझ्याकडे बघत राहिली, पडद्याकडे बघत राहिली, मग तिने लॅपटॉप मिटला.

सगळे मिळून वर आमच्या घरी गेले. हे अजून तंबाखू मळत बसले होते. रतनभाऊंनी यांना मिठी मारली. "पयल्यासारखो झालस रे लव्या. देवान ऐकल्यान."

हे गोंधळले. मग त्यांची नजर माझ्या ओठांवर गेली. "व्हय," म्हणाले, "झालंय." आणि उठून तळहातावरची तंबाखू मोरीत झटकून आले. देवाला दिलेला शब्द पुरा झाला होता.

त्या रविवारी चहाला दूध कमी पडलं, एवढी माणसं. पंप दुरुस्त झाला. पाचवा मजला पुन्हा जिन्यात हसतो. आता दर शनिवारी दुपारी मी दोन पानं खाते आणि रविवारी हे उकिडवे बसून घासतात. घासता घासता मला ऐकू येईल एवढंच बोलतात, "जरा कमी थुक गो, कंबर दुखता." बायका म्हणतात, लवूभाऊंची साड्यांची पसंती चांगली आहे हो. यांच्या गालातला चट्टा फिका पडलाय, वडापाव उभा धरून खातात.

एवढ्यासाठीच केलं, आणि मी सुखी आहे. पण कधी कधी जीव जळतो. इतकी वर्षं मी या लोकांना चहा देतेय. दर आठवड्याला कॅमेऱ्याकडे तोंड वर करून बघते. तरी त्यात मी कुणाला दिसत नाही.

यंदाच्या गाऱ्हाण्यात रतनभाऊ म्हणाले, "आमच्या लव्याक सरळ कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." हे सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. मी काहीच म्हटलं नाही. माझ्या तोंडात पान होतं.