नीळकंठरावांचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. भोपाळच्या इंद्रपुरीत एका लहानशा घरात, फळीवर बसून असतो. माझ्या जाळीला पोचा पडला आहे आणि वायर कधीच तुटली आहे. माझ्यातून आता आवाज निघत नाही. तरी आज मला बोलायचे आहे, आणि ते माझ्यापेक्षा नीळकंठरावांविषयी जास्त आहे.

इथला मोठा कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्यामागोमाग वसाहत वसली. एकसारखे क्वार्टर, रुंद रस्ते, कडेला नुकतीच लावलेली रोपे. पंजाब, केरळ, बिहार, कुठकुठून माणसे नोकरीला आली. नागपूर-वर्ध्याकडची आणि पुण्याकडची मराठी घरेही आली. त्यांचे मंडळ निघाले, गणपती बसू लागला. पहिल्या गणपतीत ओरडून ओरडून सगळ्यांचे घसे बसले, म्हणून पुढच्या वर्षी मला मुंबईहून आणले. लाल मखमलीच्या डब्यात बसून मी रेल्वेने भोपाळला उतरलो. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मला सांभाळायचे काम नीळकंठ खापरे यांनी आपणहून घेतले. ते वर्ध्याचे. तापलेले लोखंड मोठ्या यांत्रिक घणाखाली ठोकतात, त्या विभागात ते तंत्रज्ञ होते. दिवसभर घणाचे दणके ऐकून आलेला हा माणूस संध्याकाळी माझ्यातली बारीकशी खरखर लगेच ओळखायचा. "आज सर्दी झाली वाटतं याला," असे म्हणत मऊ फडक्याने माझी जाळी पुसायचा. आरती, नाटके, शोकसभा, हरवलेल्या पोरांच्या हाका, सगळे माझ्यातून गेले. माझा आवाज स्वच्छ आहे असे लोक म्हणत, तेव्हा नीळकंठराव माझ्याकडे बापाच्या नजरेने बघत.

घणाजवळ काम करताना कानात घालायला बोळे मिळत. पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून कुणी घालत नसे. नीळकंठरावही नाही. हळूहळू त्यांचे कान गेले. हे पहिल्यांदा कळले त्यांच्या पत्नीला, इंदुमतीबाईंना. त्यांनी कुणालाच सांगितले नाही. कार्यक्रमात त्या पहिल्या रांगेत बसत. आवाज वाढवायचा असेल तर पदर सारखा केल्यासारखा हात वर नेत, कमी करायचा असेल तर मांडीवर ठेवत. नीळकंठराव त्यांच्याकडे बघून बटण फिरवत. काही वर्षे हे असेच निभावले.

मग एका गणपतीत इंदुमतीबाई तापाने घरी पडल्या.

त्या दिवशी एक छोटी मुलगी गाणे म्हणत होती. मध्येच कर्ण्यातून कर्कश शिट्टी सुरू झाली. लोकांनी कान झाकले, तान्ही मुले रडू लागली. नीळकंठराव मात्र मुलीकडे कौतुकाने बघत मान डोलवत होते. मंडळाचे सेक्रेटरी दिगंबर जोगळेकर, कारखान्यात इंजिनियर, मागून ओरडले, "अहो खापरे! बंद करा ते!" नीळकंठरावांनी वळूनही पाहिले नाही. जोगळेकर तरातरा पुढे आले, त्यांना बाजूला सारून त्यांनी बटण बंद केले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बहिऱ्याच्या हाती माईक दिलाय आपण!"

मांडव हसला. नीळकंठरावांना हसणे ऐकू आले नाही, पण दिसले.

पुढच्या वर्षीपासून जवळच्या पिपलानीतला मंडपवाला स्वतःची यंत्रे आणू लागला. मी अडगळीत जाणार होतो, तेवढ्यात नीळकंठरावांनी मला उचलून घरी आणले. त्यानंतर ते मंडळात गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते दोघे इथे इंद्रपुरीत आले, मीही आलो.

घरात राहून मी जे पाहिले ते मांडवातल्या हसण्यापेक्षा जड होते. इंदुमतीबाईंना ओरडून बोलावे लागे. ओरडले की शेजारच्यांना वाटे भांडण चालले आहे. दमून त्या कमी बोलू लागल्या. जेवण, गोळ्या, दाराची कडी, एवढेच शब्द घरात उरले. कानाचे यंत्रही आणले होते, पण त्यातून नुसता गोंगाट येतो म्हणून ते डबीतच राहिले. पाहुणे येत, हसत, बोलत. नीळकंठराव एकेकाच्या तोंडाकडे बघत बसत.

मग वसाहतीतल्या जुन्या क्वार्टरांच्या रांगा पाडणार अशी बातमी आली. तिथेच वाढलेल्या आणि आता तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या वंदनाने जुन्या रहिवाशांना मंडळाच्या हॉलमध्ये बोलावले. घरे जाण्याआधी आठवणी तरी सांगू या, आणि ज्याच्याकडे जुनी वस्तू असेल त्याने ती आणावी, असा निरोप होता. इंदुमतीबाईंच्या आग्रहाने नीळकंठराव निघाले. मला त्यांनी पिशवीत घेतले. हॉलमध्ये मला एका टेबलावर, जुना रेडिओ आणि कुणाच्या तरी पितळी डब्याशेजारी ठेवले.

जोगळेकर सर्वांत आधी बोलले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. "काय दिवस होते! चोवीस तास पाणी, दाराशी शाळा, सगळे एका कुटुंबासारखे." मग एकेकजण उठला. रविवारचे पोहे-जिलेबी, दसऱ्याचे मैदान, चांदण्यात गच्चीवर टाकलेल्या गाद्या. हॉल हसत होता, डोळे पुसत होता. नीळकंठरावांना त्यातले काही कळत नव्हते. त्यांनी शेजारच्या गृहस्थांना विचारले, "काय म्हणाले?" गृहस्थांनी हात हलवला. थोड्या वेळाने नीळकंठराव उठून दाराकडे निघाले.

तेव्हा इंदुमतीबाई उभ्या राहिल्या. "थांबा जरा," त्या सभेला म्हणाल्या. "सगळ्यांचं झालं, ह्यांचं राहिलंय. ह्यांना कोणी विचारलंच नाही."

वंदना धावत गेली. "काका, रुकिए ना!" मग ऐकू येत नाही हे ध्यानात येऊन तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'तुमची आठवण सांगा.'

नीळकंठरावांनी ते वाचले. तिने पुढे केलेला नवा माईक त्यांनी घेतला नाही. तसेच उभे राहून, आपला आवाज किती मोठा होतोय हे न कळता, ते बोलू लागले.

"मला वसाहत आवाजानं आठवते. सकाळचा भोंगा झाला की हजारो सायकली निघायच्या. साखळ्यांचा आवाज असा, की पत्र्यावर कोणी तांदूळ ओततंय. आमचा घण पडला की घरोघरी कपाटातल्या कपबशा वाजायच्या. समोरची मलयाळी नर्स ड्यूटीवरून आली की आधी रेडिओ लावायची, मग चपला काढायची. हे सगळं मला अजून लख्ख ऐकू येतं. कारण त्याच्यावर नंतर दुसरा कुठला आवाज आलाच नाही."

मग ते पुढे म्हणाले,

"माझी लेक वसुधा शाळेत असताना माझे कान गेले. आता ती दोन मुलांची आई आहे. मोठी झाल्यावर तिचा आवाज कसा झाला, मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यात ती अजून लहान पोरीच्याच आवाजात बोलते. आणि तुम्हा सगळ्यांना एक विचारायचं होतं. मी विचारतो, काय म्हणालात? तुम्ही म्हणता, काही नाही. ते मला ओठांवरून कळतं, तेवढं आता पाठ झालंय. पण इतकी वर्षं, इतक्या माणसांचं, इतकं 'काही नाही' कसं असेल हो?"

ते खुर्चीवर येऊन बसले.

सभा संपल्यावर जोगळेकर त्यांच्याजवळ आले. समोर खुर्ची ओढून म्हणाले, "नीळकंठराव, माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं. त्या गणपतीत."

नीळकंठरावांनी ओठांकडे निरखून पाहिले. जोगळेकरांनी तिसऱ्यांदा सांगितले, पण त्यांचे ओठ थरथरत होते. "चहा ना?" नीळकंठराव हसले. "चालेल. साखर कमी सांगा."

जोगळेकर उठून स्वतः चहा घेऊन आले. दोघांनी तो घेतला.

घरी आल्यावर इंदुमतीबाईंनी सावकाश विचारले, "ते काय म्हणाले, कळलं का?"

"चहा विचारला. चांगला माणूस आहे. तू का रडतेस?"

"काही ना..." म्हणता म्हणता बाई थांबल्या. दिवा त्यांनी आपल्या चेहऱ्यासमोर सरकवला, समोर बसल्या, आणि एकेक शब्द सुटा करून सगळे सांगितले. दोनदा सांगावे लागले. नीळकंठराव म्हणाले, "त्यांना म्हणावं, घरी या. त्यांच्या तोंडून समजून घेतो."

इंदुमतीबाईंनी वंदनामार्फत निरोप पाठवला, तोवर जोगळेकर पुण्याला मुलाकडे कायमचे राहायला गेले होते. पावसाळ्याआधी क्वार्टरांच्या रांगाही पाडल्या.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. मला त्याचे दुःख नाही. पण घरातल्या माणसाने "काय?" म्हटले, तर त्याच्यासमोर बसा आणि पुन्हा सांगा. आणि कुणाची माफी मागायची असेल, तर ती ऐकू येते आहे तोवरच मागा.