आधी चूक, मग कौतुक

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गॉर्डी थीलच्या गॅरेजमधल्या गाड्या बाहेर बर्फात उभ्या राहत आणि माणसं आत हीटरभोवती बसत. ज्याने त्याने घरी लावलेली बिअर आणायची, सगळ्यांनी चाखायची आणि मग बोलायचं. बोलायचा नियम एकच होता: आधी चूक, मग कौतुक. तो एल्रॉय क्यूनने घालून दिलेला होता, आणि सरोवराकाठच्या अख्ख्या शबॉयगन गावात एल्रॉयसारखं नाक दुसऱ्या कुणाला नव्हतं, त्यामुळे तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

एल्रॉय ग्लास नाकाशी नेई, डोळे मिटून घेई आणि निकाल देऊन मोकळा होई. "ओला पुठ्ठा." म्हणजे बाटलीत हवा शिरली. "हिरवं सफरचंद." म्हणजे घाई केली. "उकडलेला मका." म्हणजे उकळताना वर झाकण ठेवलं. माणसं आपसात म्हणत, हा बुवा नाकाने कांदे सोलतो. पण घरी जाऊन तो सांगेल तसंच करत, आणि पुढच्या खेपेची बिअर हमखास बरी निघे. फायदा होत असेल तर माणूस राग गिळतो, आणि इथे तर वरून बिअरही प्यायला मिळत होती.

नोव्हेंबरात एल्रॉयला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, अशक्तपणाही गेला आणि त्यांच्याबरोबर वास येणंही गेलं. एके सकाळी मार्लिस, त्याची बायको, आंघोळीहून आली तर टोस्टर काळा धूर ओकत होता आणि हा शेजारीच निवांत पेपर वाचत बसलेला. तिने खिडकी उघडली, पाव सिंकमध्ये टाकला आणि त्याच्यासमोर बसली.

"गॅरेजमध्ये सांगून टाक," ती म्हणाली.

"काय सांगू? नाक गेलं, आता मी नुसता फुकट्या?"

"गॉर्डीला तरी सांग. पोरीचं लग्न आहे त्याच्या."

खरी अडचण तीच होती. गॉर्डीची हेली लहानपणी गॅरेजमधल्या जवाच्या पोत्यांवर बसून या म्हाताऱ्यांच्या नकला करायची. मे महिन्यात तिचं लग्न होतं, आणि तिने बापाला बजावलं होतं, की विकतची बिअर नको, एल्रॉयकाकाची सोनेरीच हवी. एल्रॉयने उन्हाळ्यातच शब्द दिला होता. आता दोनशे पाहुण्यांपुढे काय वाढून ठेवलंय, हे ज्याने लावली त्यालाच कळणार नव्हतं.

तरी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. हाताला सवय आहे, असं मनाला बजावत त्याने नाताळनंतर तळघरात नमुन्याची बिअर लावली. चाखली. जिभेला गोड लागलं, कडू लागलं, फेस टोचला. त्यापलीकडे काहीच नव्हतं. बंद दारापुढे उभं राहावं तसा तो ग्लास हातात धरून उभा राहिला.

फेब्रुवारीच्या शनिवारी तो बाटल्या घेऊन गॅरेजमध्ये गेला. गॉर्डी सॉसेज परतत होता. निवृत्त पोस्टमन लेनर्ड नेहमीसारखा सगळ्यात उबदार खुर्ची बळकावून बसला होता. शाळेची बस चालवणारी बाओ थाओ नुकतीच आली होती आणि अजून हातमोज्यांतले हात चोळत होती. एल्रॉयने ग्लास भरले. तिघांनी घोट घेतला. एल्रॉय त्यांच्या तोंडांकडे बघत राहिला.

"छान झालीय," गॉर्डी म्हणाला.

"छानच," लेनर्ड म्हणाला. "रंग तर काय सुरेख."

या गॅरेजमध्ये आजवर कुणी कुणाच्या रंगाचं कौतुक केलं नव्हतं. रंगाचं कौतुक करतात ते आजारी माणसाच्या शर्टाच्या.

बाओने ग्लास खाली ठेवला. "आधी चूक," ती म्हणाली.

"बाओ, अगं, सॉसेज घे," गॉर्डी घाईने म्हणाला.

"सॉसेज घेते. आधी चूक." ती एल्रॉयकडे वळली. "लोणी आहे यात. थोडंथोडकं नाही. यात मक्याच्या लाह्या टाकल्या तर सिनेमागृहाबाहेर विकता येतील."

लेनर्डने आपल्या बुटांचं निरीक्षण सुरू केलं. एल्रॉयला वाटलं होतं की हा क्षण आला की आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. झालं उलटंच. तीन महिने खांद्यावर वागवलेलं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं त्याला वाटलं, आणि तो खुर्चीत बसला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "तापापासून. अजिबात नाही."

"माहीत आहे," गॉर्डी म्हणाला.

"कधीपासून?"

"जानेवारीत माझी बिअर पिऊन तू 'जमलीय' म्हणालास ना, तेव्हापासून. त्या बिअरला सडक्या कोबीचा वास होता, एल्रॉय. मी ती मागे अंगणात ओतली. एरवी कचराही न सोडणारा रॅकून आला, हुंगून शेजाऱ्याकडे निघून गेला."

लेनर्ड हसायला लागला, मग गॉर्डी, आणि शेवटी एल्रॉयही. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले.

"हेलीला सांग, दुसऱ्या कुणाकडून लावून घे," तो म्हणाला.

"मी नाही सांगणार. तिच्यापुढे उभं राहायची माझी हिंमत नाही. तूच सांग."

"मग काय पाहुण्यांना लोणी पाजू?"

"लावायच्या दिवशी मी येते," बाओ म्हणाली. "हात तुमचे, नाक माझं. आंबायला लागली की रोज बस सोडून येईन आणि हुंगून जाईन. तुमचं घर वाटेवरच आहे."

तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. गॉर्डीने तिच्यापुढे सॉसेज ठेवलं.

मार्चअखेरच्या शनिवारी ती आली. तळघरात मोठं पातेलं चढलं. एल्रॉय ढवळत होता, आच कमीजास्त करत होता, आणि बाओ वाफेत तोंड घालून डोळे मिटून सांगत होती. "पावाची कड. नीट भाजलेली, करपलेली नाही. आता मध येतोय." त्याने कडवटपणा आणणारी हॉप्सची फुलं टाकली. ती थांबली. "गवत. ओलं नाही, कापून दोन दिवस उन्हात पडलेलं."

एल्रॉयचा हात ढवळता ढवळता थांबला. हे सगळे शब्द त्याचेच होते. गेल्या कित्येक शनिवारी त्याने ते एकेक करून तिच्या पदरात टाकले होते, बहुतेक वेळा ओरडतच. आता ती ते एकेक करून त्याला परत देत होती, आणि ती गवत म्हणाली की गवत खरंच त्याच्या डोक्यात कुठेतरी हलत होतं.

"तुला एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दोघांना माझी दया आली. तुला कशी नाही आली?"

बाओने पातेल्यावरून तोंड बाजूला केलं.

"मी पहिल्यांदा बिअर घेऊन आले तो दिवस आठवतो? तुम्ही एक घोट घेतलात, 'ओला पुठ्ठा' म्हणालात आणि उरलेली दारातल्या बर्फात ओतलीत."

"ओतली खरी."

"मी बाहेर गाडीत जाऊन रडले. मग माझ्या लक्षात आलं. मी या गावात लहानाची मोठी झाले, आणि मी काहीही केलं तरी लोक गोड हसून 'वा, किती वेगळं' म्हणतात. परदेशातून येऊन इथे वसलेल्या आम्हा हमाँग लोकांना सगळे तसंच म्हणतात. हसतात आणि विसरून जातात. चूक कुणी सांगत नाही. चूक आपल्या माणसाची काढतात. तुम्ही माझी काढलीत. मग मी तुमच्यावर दया कशी करू?"

एल्रॉय पातेल्याकडे बोट करून म्हणाला, "उतू जाईल. बघ." ती बघायला लागली.

पुढचे काही आठवडे ती रोज संध्याकाळी येत राहिली. मार्लिस तिच्यासाठी सूप करून ठेवू लागली. लोण्याचा वास जायचा तर बिअर थंड करायच्या आधी थोडी उबेत ठेवावी लागते, यीस्ट आपलं उष्टं आपणच साफ करतं. किती दिवस, हे पूर्वी एल्रॉयचं नाक ठरवत असे. आता तो पायरीवर बसून वाट बघे.

"आहे अजून," बाओ म्हणे. दुसऱ्या दिवशी, "कमी झालंय." मग, "असल्यासारखं वाटतंय, खात्री नाही." आणि एका संध्याकाळी ती बराच वेळ हुंगत राहिली आणि म्हणाली, "गेलं. थंड करा."

लग्न गॉर्डीच्या भावाच्या कोठारात झालं. लांबच लांब टेबलं, सॉसेज, बटाट्याचं सॅलड, पोल्का नाचाची गाणी वाजवणारे काका. हेलीने पहिला ग्लास स्वतः भरला, पांढऱ्या झग्यावर थोडा सांडला, आणि एका दमात निम्मा संपवला. माणसं एल्रॉयच्या पाठीवर थापा मारून जात होती. उत्तम, झकास, सरोवराकाठी अशी बिअर नाही. तो मान डोलवत होता, पण त्याला त्यातलं काही खरं वाटत नव्हतं. लग्नात फुकटच्या बिअरला कोण नावं ठेवतो?

त्याने एक ग्लास भरला आणि गर्दीतून बाओला शोधत गेला. ती तिच्या मुलींना घेऊन दाराशी बसली होती.

"आधी चूक," तो म्हणाला.

बाओने ग्लास घेतला. नाकाशी नेला, डोळे मिटले. एक घोट घेतला, थांबली, परत हुंगलं. पोल्का संपून दुसरा सुरू झाला.

"सापडत नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघतेय, एल्रॉय. नाहीये."

लोणी ओळखून तोंडावर सांगणारी ही पोरगी, तिने नाही म्हटलं म्हणजे नाही. एल्रॉयने तो ग्लास तिच्या हातून परत घेतला आणि प्यायला. गोड लागलं, कडू लागलं, फेस टोचला. पण त्यापलीकडे आता काय आहे, हे त्याला ठाऊक होतं: पावाची कड, मध, आणि उन्हात पडलेलं गवत.

"बाओ," तो म्हणाला, "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

"बरं," ती म्हणाली. "आता कौतुक सांगू, की चूक सापडल्याशिवाय कौतुक करायचं नाही?"

"सांग," एल्रॉय म्हणाला आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. "सावकाश सांग."